लाँगबो की रिकर्व्ह? पारंपरिक धनुर्विद्येसाठी धनुष्याची निवड

एखाद्या आश्रमशाळेत, तालुक्याच्या क्रीडासंकुलात किंवा गावच्या व्यायामशाळेत धनुर्विद्येचा वर्ग सुरू करावयाचे ठरले की सर्वांत आधी प्रश्न उभा राहतो तो खरेदीचा. पुरवठादाराकडून दरपत्रक येते. त्यात दोन प्रकारच्या धनुष्यांची चित्रे असतात. एक पुरुषभर उंचीचे, साधे, दोरी चढवली असता सलग कमानीसारखे दिसणारे. दुसरे काहीसे आखूड, पण ज्याची दोन्ही टोके नेम धरणाऱ्यापासून दूर, लक्ष्याच्या दिशेने वळलेली आहेत असे. पहिल्यास लाँगबो म्हणतात, दुसऱ्यास रिकर्व्ह. दोन्हींपुढे पौंडांतील आकडे असतात, आणि त्या आकड्यांचा नेमका अर्थ दरपत्रकात क्वचितच दिलेला असतो. परिणामी चित्र पाहून, किंमत पाहून किंवा 'जितके दमदार तितके चांगले' अशा समजुतीने मागणी नोंदवली जाते, आणि पुढे ती धनुष्ये मुलांच्या हाती न पेलल्यामुळे कपाटात पडून राहतात. म्हणूनच या दोन धनुष्यांमधील भेद, त्यांचे गुणदोष आणि निवडीची कसोटी नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

येथे पारंपरिक धनुर्विद्या म्हणजे नेम साधण्याचे यंत्र, समतोल राखणारे दांडे, कप्पी यांपैकी कशाचेही साहाय्य न घेता केवळ धनुष्य, बाण आणि नजर यांच्या बळावर केलेली तिरंदाजी असे समजावयाचे आहे. कप्प्यांचे जे तिसरे धनुष्य, ज्यास कंपाउंड म्हणतात, त्याचा विचार या लेखात केलेला नाही. त्या प्रकारात महाराष्ट्राने मोठे नाव कमावले आहे. २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंड प्रकारात विश्वविजेते ठरले. परंतु ते शास्त्र निराळे, त्याचा खर्चही निराळा.

दोन्ही घराणी आपल्या परिचयाची

लाँगबो म्हटले की इंग्लंड आठवते, आणि ते साहजिकही आहे. १३४६ ची क्रेसीची आणि १४१५ ची अजिंकूरची लढाई इंग्रज तिरंदाजांनी गाजवली. आठव्या हेन्रीचे 'मेरी रोज' हे युद्धनौकांतील एक प्रमुख जहाज १५४५ मध्ये पोर्टस्मथजवळ बुडाले. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला. त्या जहाजातून शंभराहून अधिक अखंड लाँगबो आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण हाती लागले. ही धनुष्ये सरासरी दोन मीटरच्या आसपास लांबीची आणि यू नावाच्या वृक्षाच्या एकाच लाकडातून कोरलेली आहेत. या लाकडाचा बाहेरचा फिका थर ताण सोसतो आणि आतला गर्द गाभा दाब सोसतो. निसर्गानेच दोन थरांची जोडणी करून ठेवलेली असल्याने कारागिराला वेगळी जोडणी करावी लागली नाही.

तथापि लांब, सरळ धनुष्य ही काही एकट्या इंग्लंडची मिरास नव्हे. सिकंदराच्या आरमाराचा अधिकारी निआर्कस याच्या वृत्तांताच्या आधारे एरियन या ग्रीक लेखकाने भारतीय पायदळाचे वर्णन केले आहे. त्यात सैनिकाच्या उंचीइतके लांब धनुष्य, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने रेटून ताणण्याची रीत, यांचा उल्लेख येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांपासून केलेल्या धनुष्यांची वेगवेगळी नावे नोंदवली आहेत. सातपुड्यातील भिल्लांचा कामठा हा त्याच वेळूच्या धनुष्याचा वंशज म्हणावयास हरकत नाही. त्याची काठी बांबूची, आणि विशेष म्हणजे दोरीही पुष्कळदा बांबूच्याच चिवट पट्टीची. धनुष्य आणि दोरी एकाच बेटातून मिळावी, याहून अधिक काटकसरीची रचना सुचणे कठीण.

अर्थशास्त्रातील चौथा प्रकार, शिंगाचा, मात्र दुसऱ्या घराण्याकडे घेऊन जातो. विष्णूच्या धनुष्याचे 'शार्ङ्ग' हे नाव 'शृंग' या शब्दावरूनच आले आहे. मध्य आशियातील घोडेस्वारांना लांब धनुष्य सोयीचे नव्हते. घोड्यावर बसून ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवता येत नाही. आखूड धनुष्य हवे, पण त्यातून जोरही तितकाच हवा, या गरजेतून लाकडाच्या पातळ पट्टीला आतून शिंग व बाहेरून स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून तयार केलेले जोडधनुष्य जन्मास आले. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतात, आणि टोके पुढे वळवल्याने आखूडपणाची भरपाई होते. मोगल काळातील कमान याच जातीची. या धनुष्याचा एक दोष असा की दमट हवेत त्याचा सरस सैल पडतो. आपल्या पावसाळ्यात ही अडचण मोठीच होती. भारतात पोलादाची धनुष्ये घडवली गेली व ती आजही वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात, त्याचे एक कारण हेच सांगितले जाते. हवामान पाहून शस्त्र निवडावे लागते ही गोष्ट आपल्या कारागिरांना तेव्हाच उमगली होती, आणि आज शाळेसाठी धनुष्य घेतानाही ती विसरता येत नाही.

टोक वळल्याने काय साधते

धनुष्य हे शक्ती साठवण्याचे साधन आहे. हाताने दोरी ओढताना जे श्रम होतात ते वाकलेल्या भुजांमध्ये साठतात, आणि दोरी सुटताच त्यांतील बराचसा भाग बाणाला मिळतो. धनुष्याच्या मुठीच्या वर व खाली असलेल्या लवचिक भागांना येथे भुजा म्हटले आहे. आता सरळ धनुष्य ओढू लागले की सुरुवातीला ते हलके लागते, पुढे पुढे जड होत जाते, आणि अखेरच्या दोन-तीन इंचांत तर एकदम अडून बसल्यासारखे वाटते. याचे कारण असे की भुजेचे टोक आणि दोरी यांच्यामधील कोन मोठा होत जातो आणि ओढ भुजा वाकवण्याऐवजी ती लांबवण्याकडे खर्ची पडू लागते. धनुष्य जितके आखूड तितका हा अडसर लवकर येतो. लाँगबो लांब ठेवण्यामागे हेच कारण आहे.

रिकर्व्हमध्ये दोरी चढवलेली असताना ती वळलेल्या टोकांवर काही अंतरापर्यंत टेकून असते. ओढू लागताच ती हळूहळू टोकांवरून उचलली जाते, वळण उलगडते, आणि जणू काही धनुष्याची लांबी ऐन वेळी वाढते. त्यामुळे आरंभी ओढ थोडी जड लागली तरी शेवटी ती मऊ राहते. दोन्ही धनुष्यांचे अखेरचे वजन सारखेच, समजा तीस पौंड, असले तरी रिकर्व्हमध्ये ओढीच्या संपूर्ण प्रवासात अधिक श्रम साठवले जातात, आणि बाण अधिक वेगाने सुटतो. वेगवान बाणाचा मार्ग कमी झुकतो. जो तिरंदाज अंतराचा अंदाज केवळ नजरेने बांधतो त्याच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण अंदाज पाच-सात पावलांनी चुकला तरी बाण फार खाली किंवा वर जात नाही.

मग लाँगबो घ्यावाच कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर वेगात नाही, स्वभावात आहे. पारंपरिक लाँगबोच्या भुजा जाड व अरुंद असतात. मुठीवरील पकड थोडी तिरकी झाली, बोटे दोरीवरून थोडी वेडीवाकडी सुटली, तरी त्या सहसा पिळवटत नाहीत. रिकर्व्हच्या भुजा रुंद आणि पातळ असतात. हाताने मुठीला दिलेला किंचितसा पीळही बाणाला डावीकडे किंवा उजवीकडे ढकलतो. म्हणजे रिकर्व्ह अंतराच्या चुका सांभाळून घेते आणि हाताच्या चुका दाखवून देते. लाँगबोचे नेमके उलट आहे. शिवाय लाँगबो वजनाला हलके असते, त्याचा आवाज कमी होतो, बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसते. त्याचा एक त्रास मात्र खरा. बाण सुटल्यावर उरलेली शक्ती मुठीत येऊन आदळते आणि मनगटाला हिसका बसतो. रिकर्व्हची जड मूठ हा हिसका पुष्कळसा गिळून टाकते.

आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच लाँगबोंमध्ये लाकडाच्या पट्ट्यांवर काचतंतूचा थर असतो आणि भुजांना सौम्य बाक दिलेला असतो. अशा धनुष्यांचा वेग रिकर्व्हच्या जवळपास जातो. त्यामुळे दोन घराण्यांमधील सीमारेषा पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: दोरी चढवली असता ती टोकांच्या खाचांखेरीज भुजेला कोठेही टेकत नसेल तर ते लाँगबो. आंतरराष्ट्रीय नियमांतही हाच निकष धरला जातो, आणि लाँगबोच्या स्पर्धेत लाकडी दांड्याचे व नैसर्गिक पिसांचेच बाण चालतात.

आकारापेक्षा आकडा महत्त्वाचा

एवढे विवेचन वाचून निवड केवळ या दोन आकारांमध्ये करावयाची आहे असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. नवशिक्याच्या, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलाच्या बाबतीत धनुष्य लाँगबो आहे की रिकर्व्ह यापेक्षा ते किती पौंडांचे आहे याला कितीतरी अधिक महत्त्व आहे. आकार चुकला तर प्रगती थोडी मंदावते. वजन चुकले तर खांदा दुखावतो.

धनुष्यावर 'तीस पौंड, अठ्ठावीस इंच' असे लिहिलेले असते. याचा अर्थ असा की दोरी अठ्ठावीस इंचांपर्यंत ओढली असता बोटांवर तीस पौंडांचा भार येतो. परंतु प्रत्येकाची ओढ अठ्ठावीस इंच नसते. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे आणि त्यास अडीचने भागावे. येणारी संख्या ही त्या व्यक्तीच्या ओढीची अंदाजे लांबी होय. ज्या मुलाची वाव साठ इंच आहे त्याची ओढ चोवीस इंच येईल. ओढ एका इंचाने कमी झाली की भार स्थूलमानाने दोन पौंडांनी उतरतो. तेव्हा तेच तीस पौंडांचे धनुष्य या मुलाच्या हाती सुमारे बावीस पौंडांचे होते, तर तीस इंच ओढ असलेल्या उंच युवकाच्या हाती चौतीस पौंडांचे. एकच धनुष्य दोघांना देऊन दोघांच्या गुणांची तुलना करणे किती अन्यायाचे आहे हे यावरून ध्यानात यावे.

बावीस पौंड म्हणजे सुमारे दहा किलो. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु सरावात मुलगा एक बाण सोडून थांबत नाही. वीस पौंडांच्या धनुष्याने त्याने दिवसभरात शंभर बाण सोडले तर त्याच्या खांद्याने आणि पाठीने एकूण दोन हजार पौंड, म्हणजे नऊशे किलोंहून अधिक भार ओढलेला असतो. चाळीस पौंडांचे धनुष्य दिले तर हाच हिशोब अठराशे किलोंवर जातो.

'मेरी रोज' जहाजात सापडलेल्या खलाशांच्या व सैनिकांच्या सांगाड्यांपैकी अनेकांच्या खांद्याच्या पात्याचे टोक मूळ हाडाशी जुळलेले नाही असे आढळून आले. हे हाड सामान्यतः विशीच्या आसपास जुळते. किशोरवयापासून जबर धनुष्ये ओढल्याचा हा परिणाम असावा असे अनुमान अभ्यासकांनी काढले आहे. ती धनुष्ये शंभर पौंडांहून अधिक वजनाची होती हे खरे, पण वाढते हाड आणि अतिरिक्त भार यांचा संबंध आजही तोच आहे. विशेष म्हणजे त्याच काळातील जाणत्या माणसांना या धोक्याची कल्पना होती. ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने १५४९ मध्ये राजापुढे केलेल्या प्रवचनात आपल्या लहानपणाची आठवण सांगितली आहे. त्याचे वडील त्याच्या वयाच्या व ताकदीच्या मानाने धनुष्य आणून देत, आणि तो जसजसा वाढत गेला तसतशी धनुष्येही मोठी होत गेली. आजच्या कोणत्याही प्रशिक्षकाला यात फारशी भर घालता येणार नाही.

सर्वसाधारण प्रमाण असे धरता येईल. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना हाती प्रत्यक्ष येणारा भार बारा ते सोळा पौंड असावा. मोठ्या मुलींना व तरुण स्त्रियांना अठरा ते बावीस, तरुण पुरुषांना चोवीस ते अठ्ठावीस. याहून जड धनुष्याने आरंभ करणे हा पौरुषाचा भाग नसून अज्ञानाचा आहे. पारख करावयाची तर विद्यार्थ्याला पूर्ण ओढ घेऊन दहा सेकंद स्थिर उभे राहावयास सांगावे. हात थरथरला, खांदा कानाकडे उचलला गेला किंवा कमरेतून शरीर मागे झुकले, तर धनुष्य जड आहे. या वेळी दोरीवर बाण असावा व समोर लक्ष्य असावे. बाणाशिवाय दोरी ओढून सोडून देणे हे धनुष्याच्या दृष्टीने सर्वांत घातक होय, कारण बाणाला जावयाची सारी शक्ती भुजांमध्येच आदळते आणि त्या तडकतात.

शाळेने काय घ्यावे

निवड उद्देशावर अवलंबून आहे. विद्यार्थ्यांना पुढे स्पर्धेच्या मार्गावर न्यावयाचे असेल तर रिकर्व्हच घ्यावे, आणि तेही सुटी होणारी मूठ असलेले. अशा धनुष्याच्या भुजा स्क्रूने किंवा खाचेत बसवून मुठीला जोडलेल्या असतात. मुलाची ताकद वाढली की मूठ तीच ठेवून केवळ भुजा बदलता येतात. पाच मुठी आणि वेगवेगळ्या वजनांच्या दहा-बारा जोड भुजा एवढ्या साहित्यावर एक वर्ग कित्येक वर्षे चालू शकतो. एकसंध धनुष्यात ही सोय नाही. सोळा पौंडांचे एकसंध धनुष्य दोन वर्षांत त्या मुलाला अपुरे पडते, आणि पुन्हा संपूर्ण खरेदी करावी लागते. भुजा व मूठ यांची जोडणी आंतरराष्ट्रीय प्रमाणाची असल्यास एका कारखान्याच्या भुजा दुसऱ्याच्या मुठीत बसतात. मागणीपत्रात ही अट अवश्य नमूद करावी. १९७२ साली म्युनिक येथे तिरंदाजीचा ऑलिंपिकमध्ये पुनःप्रवेश झाला. पुढील वर्षी, १९७३ मध्ये, भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली. तेव्हापासून ऑलिंपिकचे धनुष्य ते रिकर्व्हच. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले ते याच धनुष्याने.

परंतु सातपुड्यात, मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात जेथे तीरकामठा घराघरांत परिचयाचा होता किंवा आजही आहे, तेथे थोडा वेगळा विचार करावा लागेल. कामठा हाताळलेल्या मुलाला सरळ धनुष्याची सवय असते. त्याला ओढ, सुटका आणि नजरेचा नेम या तिन्ही गोष्टी थोड्याबहुत अवगत असतात. अशा मुलाच्या हातातील धनुष्य काढून घेऊन 'हे विसर' असे सांगण्यात शहाणपण नाही. उदयपूर जिल्ह्यातील अहारी समाजात जन्मलेला लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्यावर हात बसलेला मुलगा होता. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने घेतलेल्या चाचणीत त्याची निवड झाली, आणि त्यानंतर वर्षभरातच तो सेऊल ऑलिंपिकमध्ये उतरला. १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये त्याने भाग घेतला. १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तीस मीटर अंतरावर विश्वविक्रमाची बरोबरी केली. बांबूने त्याची वाट अडवली नाही, उलट घडवली. देशांतर्गत स्पर्धांमध्ये बांबू व लाकडाच्या धनुष्यांसाठी 'इंडियन राउंड' हा स्वतंत्र प्रकार आहे, तो याच जाणिवेतून आला आहे. अशा भागातील शाळेने आरंभीची दोन वर्षे हलक्या सरळ धनुष्यावर सराव घ्यावा, आणि पुढे ज्यांची इच्छा व कुवत दिसेल त्यांनाच रिकर्व्हकडे वळवावे, हे अधिक रास्त. संक्रमणाच्या वेळी एक गोष्ट पाळावी: नवे धनुष्य जुन्यापेक्षा जड असू नये, थोडे हलकेच असावे. आकार आणि वजन दोन्ही एकदम बदलले की मुलगा गोंधळतो आणि त्याचा आत्मविश्वास ढळतो.

केवळ छंद, व्यायाम किंवा परंपरेचे जतन हा हेतू असेल तर लाँगबो हे अधिक समाधान देणारे धनुष्य आहे. अशा वेळी स्थानिक कारागिराकडून बांबूची धनुष्ये करून घेण्याचा विचार ग्रामपंचायतीने जरूर करावा. फक्त प्रत्येक धनुष्य ताणकाट्यावर तोलून त्याचे वजन त्यावर लिहून घ्यावे. वजन न लिहिलेले धनुष्य मुलाच्या हाती देणे म्हणजे मात्रा न लिहिलेले औषध देण्यासारखे आहे. तिरंदाजी ही लक्ष्यापुरतीच राहिली पाहिजे याचीही जाणीव मुलांना आरंभीच द्यावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे.

बाणांविषयी

धनुष्यावर सगळा निधी खर्च करून बाण मिळेल ते घेणे ही नेहमीची चूक. लाँगबोच्या मुठीला बहुधा बाणासाठी खोल खाच नसते. बाण मुठीच्या बाजूने सुटतो, म्हणजेच तो लक्ष्याकडे सरळ न रोखता किंचित बाजूला रोखलेला असतो. तरीही तो लक्ष्यावर जातो, कारण सुटताना तो वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. हे वाकणे धनुष्याच्या जोराशी जुळले पाहिजे. फार ताठर बाण एका बाजूला जातो, फार लवचिक दुसऱ्या बाजूला. रिकर्व्हची मूठ मध्यापर्यंत कापलेली असल्याने तेथे ही जुळणी थोडी कमीअधिक असली तरी निभावते. लाँगबोमध्ये निभावत नाही. म्हणून लाँगबो घेतले तर बाण त्या धनुष्याच्या मापाचे, एकाच वजनाचे व एकाच ताठरपणाचे घ्यावेत. नाहीतर चांगला नेम धरणारा मुलगाही स्वतःला दोष देत राहतो. अतिशय हलके बाणही टाळावेत, कारण त्यांचा धनुष्यावरील परिणाम रिकामी दोरी सोडण्याच्या जवळ जातो. लांबीलाही महत्त्व आहे. आखूड बाण ओढताना मुठीच्या मागे येऊन हातात घुसण्याचा धोका असतो; नवशिक्याचा बाण त्याच्या ओढीपेक्षा किमान दोन इंच लांब असावा.

मैदानाची निवड करताना तीस पौंडांचे साधे धनुष्यही बाण शंभर मीटरपलीकडे फेकू शकते हे ध्यानात ठेवून लक्ष्यामागे टेकडीचा उतार किंवा उंच मातीचा बांध असेल अशी जागा घ्यावी. लक्ष्यासाठी भाताचा पेंढा किंवा कडब्याच्या घट्ट आवळलेल्या पेंढ्या उत्तम. त्यांत बाण रुततो आणि तुटत नाही.

माल ताब्यात घेताना

पुरवठादाराकडून धनुष्ये आली की पावतीवर सही करण्यापूर्वी एवढे पाहावे. प्रत्येक धनुष्याला दोरी चढवावी, आणि ती पायात अडकवून नव्हे तर त्यासाठी मिळणाऱ्या वादीने. पायात अडकवून वाकवल्यास रिकर्व्हच्या पातळ भुजा कायमच्या पिळवटतात. मग मागील बाजूने पाहावे: दोरी दोन्ही भुजांच्या बरोबर मध्यावरून जात असली पाहिजे. भुजांवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. जेथे तंतू अडकतील तेथे चीर किंवा सुटलेला थर आहे असे समजावे. लाकडी बाण दोन्ही हातांत धरून थोडा वाकवावा आणि कान द्यावा. करकर आवाज आल्यास तो बाण मोडून टाकावा, म्हणजे चुकून पुन्हा वापरला जाणार नाही. कार्बनचा बाणही असाच तपासावा, कारण तो फुटला तर त्याच्या सुया हातात शिरतात. जुन्या किंवा केवळ लाकडी टोकांच्या धनुष्यांवर थोडी ताणणारी पॉलिएस्टरची दोरीच वापरावी. न ताणणाऱ्या आधुनिक दोऱ्यांनी त्यांची टोके चिरतात.

सराव संपला की लाकडी व बांबूच्या धनुष्याची दोरी उतरवावी. उतरवली नाही तर काठीला कायमचा बाक येतो आणि जोर कमी होतो. धनुष्य कोपऱ्यात टेकवून उभे ठेवू नये, भिंतीवरील दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे. मार्च ते मे या महिन्यांत पत्र्याच्या छपराखालील खोलीत किंवा बंद मोटारीत ते राहिल्यास चिकटवलेले थर सुटतात. पावसाळ्यात कोकणासारख्या दमट भागात बांबूच्या धनुष्याला पंधरवड्यातून एकदा जवसाच्या तेलाचा हात द्यावा, आणि ऑगस्टमध्ये त्याचे वजन पुन्हा ताणकाट्यावर तोलून नोंदवहीत लिहावे.